सैल बांधलेली चिंबोरी

भारती,

दर्शूच्या तापाचा आज तिसरा दिवस. सकाळी एकशे दोन होता, आता दुपारी तीन वाजता एकशे एक आहे. तुझ्या नणंदेने, नमूताईने, गावदेवीला नारळ बोललाय, पोरीचा ताप उतरू दे म्हणून. तुझा जनार्दन बोट बंदरात लावून पडवीत बसलाय आणि तासातासाला मला विचारतोय, "ताई, उतरला काय?" तुझं सगळं घर तुझ्या लेकीचा ताप उतरायची वाट बघतंय. एकटी मीच मनात म्हणतेय, थांब रे बाबा, एवढ्यात उतरू नकोस. उतरायचंच असेल तर मी इथे असताना उतर.

तू हसली असतीस. म्हणाली असतीस, शुभे, लोकांचं रक्त काढून काढून तुझं डोकं फिरलंय.

तू गेलीस त्याला सोळा दिवस झाले. तेराव्याचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शू उठली ती डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणत. मी तेवढ्यावरच ओळखलं. लॅबमधून पेटी घेऊन आले, रक्त घेतलं, स्वतःच तपासलं आणि स्वतःच रिपोर्ट वाचला. डेंग्यू. तुला झाला होता तोच. तुला चावलेल्या डासांनी पंधरवडा काढला आणि मग तिला गाठलं, एवढाच त्याचा अर्थ. तिला तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवलंय. ताप आहे तोवर घरी ठेवा, पाणी पाजा, पॅरासिटामॉलशिवाय दुसरी गोळी नको आणि ताप गेला की लगेच घेऊन या, असं त्यांनी सांगितलंय. शेवटचं वाक्य घरात कुणी नीट ऐकलेलं नाही. ताप गेल्यावर डॉक्टरकडे कशाला जायचं, असंच सगळ्यांना वाटतंय.

आरोग्य केंद्रातल्या तुझ्या मैत्रिणी परवा येऊन गेल्या. तुझ्यासाठी सभा ठेवणार आहेत. मला म्हणाल्या, एक पान लिहून दे, जन्म, शिक्षण, कोळीवाड्यात आशाताई म्हणून किती वर्षं काम केलं, असं सगळं. मी हो म्हटलं आणि आता दर्शूच्या उशाशी बसून वही उघडली, तर ते पान काही लिहवेना. तुझ्याशी भांडण अर्धं राहिलंय. ते पुरं झाल्याशिवाय मी तुझी स्तुती कशी करू?

आपलं भांडण एका वाक्याचं. आणि ते वाक्य कुठून आलं, ते आपल्या दोघींशिवाय कुणालाच धड माहीत नाही.

तू नवी नवी आशा झाली होतीस. शाळेत आपण एका बाकावर, पण दहावीनंतर तू लग्न करून बंदरावरच राहिलीस आणि मी अलिबागला जाऊन रक्त तपासायला शिकून परत आले, श्रीवर्धनात ही खुराड्याएवढी लॅब टाकली. एक दिवस तू तिथे आलीस आणि स्टुलावर बसून पदराने वारा घेत म्हणालीस की बायका पोरांना गोवराची सुई देऊ देत नाहीत. सुईने ताप येतो म्हणतात. तुला एक वाक्य हवं होतं, दारात उभ्या उभ्या सांगता येईल असं. मी तुला अर्धा तास शिकवलं. रक्तात पहारा करणाऱ्या पेशी असतात, त्या आलेल्या विषाणूला बघून घेतात, त्याच्या मापाची प्रतिपिंडं तयार करतात, आणि त्यांतल्या काही पेशी ती ओळख जन्मभर सांभाळतात. सुई म्हणजे खऱ्या गोवराआधी करून दिलेली ओळख. तू सगळं ऐकून घेतलंस, जांभई दिलीस आणि म्हणालीस, "म्हंजी आंग इसरत नाय."

मी म्हटलं, हो गं, हेच. मला इतका आनंद झाला की मी समोरून दोन चहा मागवले. माझं पुस्तकातलं ज्ञान तू तीन शब्दांत आणून ठेवलं होतंस.

ते वाक्य तू दारोदार नेलंस. बायका पोरांना घेऊन रांगेत उभ्या राहायला लागल्या. मग ते वाक्य कोळीवाड्याचंच झालं. कुणाचं जुनं भांडण उकरून निघालं की म्हातारे म्हणायचे, आंग इसरत नाय. पुढे मी कुठेतरी वाचलं की गोवर भारी पाजी असतो, तो त्या आठवण सांभाळणाऱ्या पेशींमध्येच शिरतो आणि पोराच्या अंगाने आधी शिकलेलं बरंचसं पुसून टाकतो. म्हणून गोवर बरा झाल्यावरही पोरं महिनोन्‌महिने दुसऱ्या आजारांनी पडत राहतात. मी तुला सांगितलं तशी तू टाळी दिलीस. दुसऱ्या दिवसापासून तुझं सुरू, सुई दिली तर आंग इसरत नाय, गोवर आला तर इसरतं. तेव्हा तुला वाक्यात फेरफार चालला होता. हे मी तुला ऐकवायचं ठेवलं होतं, ते राहिलंच.

पाच वर्षांपूर्वी तुम्हा मायलेकींना एकदमच डेंग्यू झाला. चार दिवस अंग मोडून आलं, नंतर दोघी ठणठणीत. त्यानंतर तू लोकांच्या घरात डासांवर तुटून पडायला लागलीस. पिंपं उपडी केलीस, बोटीवरचे टायर हलवायला लावलेस. आमच्या सुपारीच्या वाडीत येऊन झाडाखाली गळून पडलेल्या झावळ्यांच्या बुडाच्या विऱ्या पायाने उलट्या करत गेलीस, त्यांच्या पन्हळीत साठलेल्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या माझ्या सासूबाईंना दाखवल्यास आणि वर मला म्हणालीस, तुझ्या लॅबला गिऱ्हाईक तुझ्याच वाडीतले डास धाडतात होय? सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण स्वतःच्या घरी तू मच्छरदाणी लावत नव्हतीस. गुदमरायला होतं म्हणायचीस. आणि तुला एकदा होऊन गेला होता ना.

या जूनमध्ये मी तुला लॅबमध्ये बसवून घेतलं. मी ठरवूनच ठेवलं होतं. डेंग्यू एक नाही, चार आहेत, हे तुला ठाऊक होतं, शिबिरात सांगितलेलं. पण पुढचं तू ऐकत नव्हतीस. मी सांगितलं की एका जातीचा होऊन गेला तर ती जात परत बहुधा होत नाही, पण दुसऱ्या जातीचा आला तर तो पहिल्यापेक्षा वाईट वळण घेऊ शकतो. का, तर अंगाकडे पहिल्याची प्रतिपिंडं असतात. ती या नव्यालाही चिकटतात, पण त्याला मारण्याइतकी नीट बसत नाहीत. आणि अंगातल्या भक्षक पेशींची सवय अशी की प्रतिपिंड चिकटलेलं जे दिसेल ते ओढून आत घ्यायचं आणि खाऊन टाकायचं. हा विषाणू आत जातो, पण खाल्ला जात नाही. उलट त्या पेशीची धोक्याची घंटा बंद करतो आणि तिच्यातच आपली पिलावळ वाढवतो. जी पेशी राखणीला ठेवली, तिच्याच घरात.

तू म्हणालीस, हे मी दारात उभं राहून कसं सांगू? आज सांगायचं आंग इसरत नाय, उद्या सांगायचं न इसरल्यामुळेच घोटाळा होतो. बायका म्हणतील, हिलाच काय ते ठरलेलं नाही. परत पोरांच्या सुया बंद. तुझं म्हणणं असं की लोकांना दोन गोष्टी सांगितल्या की ते तिसरीच ऐकतात.

तुझं खरं होतं, भारती. आज मान्य करते. तेव्हा नाही केलं. मला राग आला तो याचा की मी चुकीचं सांगतेय असं तू म्हणतच नव्हतीस. खरं असेल, पण माझ्या कामाचं नाही, असं म्हणत होतीस. मी टेबलावर हात आपटून बोलले की तुझ्या त्या एका वाक्यापायी कुणीतरी मरेल.

तू पेनाला टोपण लावलंस. पिशवी खांद्याला अडकवलीस आणि दारात जाऊन म्हणालीस, "वाक्य तुजंच हाय गो."

त्यानंतर दोन महिने आपण धड बोललो नाही. समोरासमोर आलो की बरं आहे ना, हो, एवढंच. तुझ्या पेशंटांचं रक्त तू दुसरीच्या हातून पाठवायला लागलीस. आणि एक दिवस त्या पाठवलेल्या नळ्यांत एकीवर तुझंच नाव होतं.

मी तपासलं. रिपोर्ट पाठवला. तुझ्याकडे आले नाही. जनार्दनला फोन करून सांगितलं की पाणी भरपूर द्या, विश्रांती द्या. तुझ्याशी बोलू का, असं मी विचारलं नाही आणि तूही फोन मागितला नाहीस.

आता जे लिहिणार आहे ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तुझ्या तापाचा पाचवा दिवस. सकाळी नऊच्या सुमाराला मी लॅब उघडायला निघाले होते आणि पाखाडीच्या पायऱ्यांच्या वळणावर तू समोर आलीस. डोक्यावरून न्हालेली, केस ओले, कपाळाला कुंकू, खांद्याला तीच पिशवी. तूच आधी हसलीस. दोन महिन्यांनी. म्हणालीस, "उतरला गो ताप."

मला कळलं होतं. पाचवा दिवस, ताप एकदम उतरलेला, आणि अंगात दुसऱ्यांदा आलेला डेंग्यू. तुझा ओठ सुकला होता तोही मी बघितला. ताप जातो तो विषाणू हरायला लागतो म्हणून, पण त्या झटापटीत अंगानेच सोडलेल्या रसायनांनी रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तातलं पाणी बाहेर जातं, रक्त दाट होतं, नाडी मऊ पडते. हे सगळं ताप उतरल्यावरच्या एक-दोन दिवसांत. मी हे कितीतरी जणांना सांगितलंय. तुला तिथे, त्या वळणावर, दंडाला धरून सांगायला हवं होतं की आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चल.

पण तू हसत होतीस. मला वाटलं, आता हे बोलले तर हिला वाटेल मी जूनमधलं भांडणच पुढे चालवतेय. आणि खरं सांगायचं तर, तू आधी हसलीस हे मला आवडलं होतं आणि ते मला दाखवायचं नव्हतं. मी म्हटलं, "बरं झालं." आणि पुढे गेले. दुपारी रक्ताला माणूस पाठवू असं ठरवलं. दुपारी गर्दी होती.

तू त्या दिवशी अकरा घरं फिरलीस. बाराला पोटात दुखायला लागलं, तू म्हणालीस उपाशीपोटी असेल. दोनला आडवी झालीस. तीनला जनार्दनचा फोन आला की हात गार लागतायत. मी धावत आले तेव्हा तुझी नाडी मला दोनदा शोधावी लागली. मोठ्या दवाखान्याकडे जाणाऱ्या गाडीत तुला स्वस्थ पडवत नव्हतं, सारखी कूस बदलत होतीस. म्हसळ्याच्या अलीकडे वळणं लागतात तिथे तू डोळे उघडलेस आणि मला विचारलंस, "शुभे, उतरला होता ना गो?"

मी पुन्हा तुझी नाडी शोधायला लागले. म्हसळा ओलांडल्यावर ती सापडलीच नाही.

तुझ्या दहाव्यानंतर नमूताई पुन्हा बाजारात बसायला लागली. घरात बसवेना म्हणाली. मी तिच्याजवळून जात होते, ती खाडीच्या खेकड्यांच्या, चिंबोऱ्यांच्या, नांग्या बांधत होती. डाव्या पायाखाली चिंबोरी दाबायची, सुतळीचा फेरा नांगीवरून घ्यायचा, दुसरा खालून, आणि गाठ. मी तिथेच उभी राहिले. गिऱ्हाइकं मला ढकलून पुढे जात होती. जूनमध्ये मी तुला प्रतिपिंडं आणि भक्षक पेशी सांगत बसले, आणि सांगायचं होतं ते तुझ्या आईच्या, नणंदेच्या, तुझ्या स्वतःच्या हातात लहानपणापासून होतं. तुला ते दारात उभं राहून सांगता आलं असतं. मी त्या बाजारात रडले, भारती. नमूताईला वाटलं तुझ्या आठवणीने. ते काही खोटं नव्हतं.

दर्शू उठलीय. पाणी मागतेय. पुढचं मग.

*

पुढचं मग म्हटलं होतं, त्याला आता नऊ दिवस होऊन गेले. वही तशीच पिशवीत राहिली होती.

दर्शूच्या तापाच्या पाचव्या दिवशी सकाळी सातला मी तुझ्या घरी पोचले तर स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आणि कुणाचं तरी हसणं. तू गेल्यापासून त्या घरात मी हसणं ऐकलं नव्हतं. दर्शू भिंतीला टेकून बसली होती. थर्मामीटर लावला, साडेअठ्ठ्याण्णव. नमूताईने आंघोळीचं पाणी तापत ठेवलं होतं आणि जनार्दन नारळ आणायला निघाला होता.

मी म्हटलं, आंघोळ नको, नारळ नंतर, आधी गाडी काढ.

नमूताई चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. ती म्हणाली की त्या दवाखान्याच्या रस्त्याने या घरातलं एक माणूस गेलं ते परत आलं नाही, आता बरी झालेली पोर मी त्याच रस्त्याने पाठवणार नाही. मी डॉक्टरांनी काय सांगितलंय ते सांगितलं. मग ती म्हणाली, "हिला पयला हून गेलाय. आंग इसरत नाय. भारती काय खोटं सांगायची?"

तुझ्या घरात, तुझ्या फोटोला अजून ताजा हार होता, त्याच्यासमोर तुझं वाक्य माझी वाट अडवून उभं राहिलं. आणि दर्शूचा हात मी हातात धरला होता तो बोटांच्या टोकांना गार लागत होता.

मी विचारलं, "नमूताई, चिंबोरी बांधताना सुतळी सैल राहिली तर?"

नमूताई म्हणाली, "तं काय, बोट तोडतं."

"आणि सुतळी दिसली म्हणून टोपलीत कोण टाकतं तिला?"

"मीच."

मी म्हटलं, हिच्या अंगात तेच चाललंय. पाच वर्षांपूर्वी आलेल्या चिंबोरीच्या मापाची सुतळी हिच्या अंगाने जपून ठेवली, विसरलं नाही, भारती खोटं बोलली नाही. पण या वेळी आली ती दुसऱ्या मापाची. तीच सुतळी तिच्यावर फिरवली, ती आवळलीच नाही. आणि अंगाने सुतळी बघून तिला आपल्या हाताने घरात नेलं.

नमूताई हळूच खाली बसली. उंबऱ्यावरच. तिने विचारलं, "भारतीला पन असाच झाला?"

मी हो म्हटलं. ती उठली आणि चुलीवरचं आंघोळीचं पाणी तिने मोरीत ओतून दिलं. जनार्दन तोवर गाडी आणायला पळाला होता.

तो रस्ता मी तुला सांगायला नको. दर्शूचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि दोन्ही हातांनी मी तिचे हात धरून बसले होते. म्हसळ्याच्या अलीकडे तिला उलटी झाली. जनार्दनने आरशातून मागे बघितलं आणि गाडी हळू केली. मी त्याला ओरडले की थांबायचं नाही. त्या वळणांवर मी गावदेवीला काय काय बोलले ते तुला नाही सांगत, तू हसशील. आयुष्यभर रक्त काचेखाली बघितलेली बाई मी. दर्शू मध्येच डोळे उघडून माझ्याकडे बघायची, आणि ती काही विचारील या भीतीने मीच बडबडत राहिले, आमच्या वाडीत यंदा सुपारी किती गळलीय, तुझ्या आईने विऱ्या कशा उलट्या केल्या होत्या, असं काहीबाही.

वेळेत पोचलो. रक्त दाट झालं होतं, दाब उतरायला लागला होता, पण नाडी हाताला लागत होती. डॉक्टरीणबाई तरुण होती, दर तासाला येऊन सलाईनचा वेग कमीजास्त करत होती. जनार्दन प्लेटलेट किती, प्लेटलेट किती, एवढंच विचारत होता. मी त्याला सांगितलं, तो आकडा सोड, रक्त पातळ व्हायला लागलं का ते विचार. दीड दिवस गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दर्शूने जास्वंदी रंगाचं काहीतरी सरबत मागितलं, कुठलं ते तिलाही सांगता येईना. तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये जाऊन खुर्चीवर बसले आणि दीड दिवसात पहिल्यांदा चपला काढल्या.

तुझी लेक घरी आहे, भारती. भात जेवतेय.

नमूताई आता बाजारात बसल्या बसल्या चिंबोरी बांधते आणि समोरच्या बाईला ऐकवते, "आंग इसरत नाय गो, पन बांधाया चुकतं. ताप उतरला का दवाखान्यात जा." मी परवा तिच्या पाठीमागे उभी राहून ऐकलं. वाक्य थोडं लांबलंय, पण दारात उभ्या उभ्या सांगता येतं. तिसरीच गोष्ट अजून तरी कुणी ऐकलेली नाही. तू जिंकलीस की मी, हे मला ठरवता येत नाही.

आज सकाळी शेवटचं रक्त घ्यायला तुझ्या घरी गेले होते. जनार्दन बोटीवर गेलाय, नमूताई बाजारात. दर्शू पडवीत केस विंचरत बसली होती. मी पेटी उघडली, दंडाला बांधायचा रबर काढला, सुईचं पाकीट फाडलं. तिने कंगवा खाली ठेवला आणि विचारलं, "मावशी, आईला हे कुणी सांगितलंच नव्हतं का?"

मी तिला सांगू शकले असते की जूनमध्ये सांगितलं होतं. ते खरंच होतं. डॉक्टर, शिबिरं, पोस्टर, सगळ्यांकडे बोट दाखवता आलं असतं. पण हे सगळं मी या वहीत तुला लिहून बसले होते, आणि ती तुझ्यासारखीच मान तिरकी करून बघत होती.

मी सांगितलं. पाखाडीचं वळण सांगितलं, ओले केस सांगितले, तू आधी हसलीस ते सांगितलं. मला कळलं होतं आणि मी बरं झालं म्हणून पुढे गेले, हेही सांगितलं. का, तर एवढंच म्हटलं की आम्ही भांडलो होतो.

ती उठून आत गेली. आत नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ पाणी वाहत राहिलं. मी रबर हातात धरून बसून राहिले. जावं की थांबावं ते कळेना. सुई उघडलेली होती, ती आता फेकावी लागणार, असा काहीतरी विचार माझ्या डोक्यात होता.

मग ती बाहेर आली. चेहरा धुतलेला, पदराने पुसावा तसा ओढणीने पुसत. माझ्यासमोर मांडी घालून बसली, ड्रेसची बाही वर केली आणि हात माझ्या मांडीवर ठेवला.

"डावा घे," म्हणाली. "उजवा अजून सुजलाय."